पहिल्या खेपेचा फोन मी का घेत नाही

"पडदा दुमडणारा घडीचा नवा फोन आलाय, तू बुक केलास का?" ऑफिसात, लग्नकार्यात, सोसायटीच्या ग्रुपवर हे विचारतात. नाही म्हटलं की पुढचं ठरलेलं: "तुला तर फोनमधलं सगळं कळतं, मग घाबरतेस कशाला?" मी घाबरत नाही. पण सगळेच विचारतात म्हणून एकदाचं सांगून टाकते.

आजवर मी जी उत्तरं देत आले तीही खरीच आहेत. पहिल्या आयफोनवर कॉपी-पेस्ट नव्हतं, ते यायला 2009 उजाडलं. 2007च्या जूनमध्ये 599 डॉलरला घेतलेला तोच फोन सप्टेंबरात 399ला मिळू लागला. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन 2019च्या एप्रिलमध्ये विक्रीला यायचा होता, पण परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनांचे पडदे एक-दोन दिवसांतच गेले. काहींनी वरची फिल्म नेहमीच्या सवयीने सोलून काढली, आणि ती निघाली पडद्याचाच भाग. विक्री पुढे ढकलली. आपल्याकडे तो ऑक्टोबरमध्ये आला, 1,64,999 रुपयांना.

एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं. माझं होत नाही.

2010मध्ये मी पहिला स्मार्टफोन घेतला. त्या कंपनीचाही तो पहिलाच. तीन महिन्यांची बचत त्यात गेली. बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. नव्या मॉडेलची पहिली गाडी रस्त्यापेक्षा वर्कशॉपातच जास्त उभी असते, वर्षभर थांब, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही." आणि फोन कट केला. चार दिवस आम्ही बोललो नाही.

पाचव्या दिवशी त्यांचा मेसेज आला. बाबा मराठीतच मेसेज करायचे, बटणांच्या साध्या फोनवरून, एकेका अक्षरासाठी तीन-चारदा बटण दाबत. मराठी एसएमएसमध्ये 70च अक्षरं मावतात, काना-मात्राही त्यात वेगळी धरली जाते, त्यामुळे ते शब्द तोलून लिहायचे. माझ्या नव्या फोनमध्ये देवनागरीचा फाँटच नव्हता. तेव्हाच्या बऱ्याच स्मार्टफोनांत नसायचा. पडद्यावर नुसत्या चौकटी. शब्दांमधली जागा कळत होती, शेवटचा पूर्णविराम दिसत होता, आणि मधोमध वाचता येईल असा एकच आकडा: 5000.

पाच हजार कसले? पाठवतो म्हणत होते, की त्यांना हवे होते?

मराठी संकेतस्थळं वाचायची एक युक्ती आम्हाला ठाऊक होती. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक सेटिंग बदललं की अक्षरं चित्रासारखी उमटायची. एसएमएसला ती लागू नव्हती. मी कामात होते. लिहून टाकलं, "दिसत नाहीये, इंग्रजी अक्षरांत पाठवा." दहा मिनिटांनी उत्तर आलं, "ओके." इंग्रजी अक्षरांत. तो मेसेज परत आलाच नाही.

तीन आठवड्यांत फोनचा टच बंद पडला. सर्व्हिस सेंटरने सगळं पुसून तो परत दिला. चौकटीही गेल्या. तोच मेसेज कुणा मैत्रिणीच्या साध्या फोनवर फॉरवर्ड केला असता तर तिथे वाचता आला असता, हे मला फार नंतर सुचलं. बाबांच्या फोनमध्ये पाठवलेले मेसेज साठत नसत. दिवाळीला मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, तेव्हाचं आता काय."

फाँट नव्हता हा माझा दोष नाही. खोक्यावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, दुकानदारानेही सांगितलं नाही. पण उठून गॅलरीत जाऊन एक फोन करता आला असता, आणि तो मी केला नाही. इतकी वर्षं मी त्या कंपनीवर राग धरून आहे, त्यातला किती माझ्यावरचा आहे, मला वेगळा करता येत नाही.

2010मधली मी याच्याशी सहमत होणार नाही. ती म्हणेल, पहिले फोन कुणी घेतलेच नसते तर चौकटी दिसतात अशी ओरड कुणी केली असती? मराठी अक्षरं फोनवर आपोआप आली का? तिचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. म्हणूनच मी कुणाला "घेऊ नका" म्हणत नाही. मी फक्त दुसऱ्या खेपेपर्यंत थांबते, आणि दुसरी आली की तिसरीपर्यंत.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवतात, टाइप करत नाहीत. डोळ्यांमुळे, असं सांगतात.

मागच्या शनिवारी मी दुकानात जाऊन तो घडीचा फोन हातात घेतला. उघडला, मधल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यावर मराठीत एक ओळ लिहून पाहिली. वेलांट्या, जोडाक्षरं, सगळं जिथल्या तिथे उमटलं. विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, बिल करू?" मी लिहिलेलं पुसलं आणि पुढच्या महिन्यात येते म्हणाले. जाईन की नाही, माहीत नाही.