वावधानानंतर: पत्रे, हुक आणि न्यूट्रलची तार

२७ मे, रोहिणी नक्षत्र, लातूर जिल्हा

काल संध्याकाळचं वावधान, म्हणजे वादळी वारं, वीसेक मिनिटांचंच होतं. आधी दिवसभर अंगाची काहिली, मग मातीचा लोट, मग गार झोत आणि सगळ्यात शेवटी टपोरे थेंब. वळवाच्या ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत बराचसा आटतो. त्याने गार आणि जड झालेली हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चौफेर सुटते. म्हणून सगळ्यात जोराचा तडाखा बऱ्याचदा पावसाच्या आधी बसतो. गार झुळूक अंगाला लागली की वाळवण गोळा करत बसू नये, आधी वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या लावाव्यात. वारं आत शिरलं की पत्र्याला खालून रेटतं, छपरावरून जाणारं वारं वरून ओढतं. पत्रा उडतो तो या दोन्हींच्या जोडीने.

हिशेब करून पाहावा. वारं ताशी ४० किलोमीटरचं असेल तर दाब चौरस मीटरला साधारण साडेसात किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे ८० ला ३० किलो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. बाकीचा सगळा भार पत्रा पाईपाला धरून ठेवणाऱ्या हुकांवर.

आज सकाळी गोठ्यामागे पडलेला पत्रा उलटा करून पाहिला. हुकाची भोकं फाटून करंगळीएवढी लांबट झालेली. हुक पाईपाला तसेच लटकलेले, एकही तुटलेला नाही. वळचणीला पत्र्याच्या दर चौथ्या नळीवर (उंचसखल घडीवर) एक हुक होता आणि डांबरी वायसर उन्हाने तडकून केव्हाच गळून गेले होते. सुरुवात नेहमी वळचणीपासून आणि कोपऱ्यापासून होते. तिथे ओढ सगळ्यात जास्त, आणि आपल्याकडे हुक वाचवतात तेही तिथेच. वळचणीला आणि आढ्याला एकाआड एक नळीवर हुक हवाच, कोपऱ्यात तर प्रत्येक नळीवर. भोक नळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात पाडलं तर पाणी गळतं. हुकावर आधी लोखंडी चकती, तिच्याखाली डांबरी वायसर. नट पत्रा दबेल इतका आवळायचा नाही. पत्र्यावर पत्रा आडवा दीड-दोन नळ्या आणि उभा सहा इंच चढवायचा. वळचण भिंतीबाहेर फूटभरापेक्षा जास्त काढली की वाऱ्याला धरायला हात मिळतो.

हुक पक्के असले तर कधी पाईपासकट अख्खं छप्पर उठतं, कारण पाईप भिंतीवर नुसता टेकवलेला असतो. त्याला भिंतीत दोन फूट खोल, काँक्रीटमध्ये गाडलेल्या १० मिलिमीटरच्या गजाने बांधावं.

आणि दगड. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माळवदांच्या जड मातीच्या छपरांखाली माणसं गाडली गेली, त्या धास्तीने या भागात जिकडे तिकडे पत्रे आले. धास्ती रास्तच होती. पण डोक्यावरचं ओझं नको म्हणून पत्रा घातला आणि उडू नये म्हणून त्याच्यावर पुन्हा दगड ठेवले! पत्रा उचलला की तो दगड घरंगळतो आणि खाली माणूस असतं. हे बघून जीव तुटतो. दगडाऐवजी वाळूची पोती परवडली, पण ती सुद्धा हुक बसेपर्यंतच.

लाईटचं वेगळं. पडलेल्या तारेजवळ जायचं नाही, जनावर जाऊ द्यायचं नाही, १९१२ ला कळवायचं. घरातला मेन स्विच आधी बंद. डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) येणारी न्यूट्रलची तार तुटली असेल तर २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट घरात येऊ शकतात. लाईट आल्यावर एकच साधा बल्ब लावून बघावा. तो लखलखला किंवा भगभगला तर मेन परत खाली, वायरमनला निरोप. फ्रिज आणि टीव्ही सगळ्यात शेवटी.

पत्रे गोळा करण्याआधी जागेवरच फोटो काढावेत, मग तलाठ्याला सांगून पंचनामा. सरकारी मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत किमान १५ टक्के पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,००० रुपये होते. घराला लागून असलेल्या गोठ्याचे ३,००० वेगळे होते, तेव्हा गोठ्याची नोंद स्वतंत्र करून घ्यावी. एवढ्यात पुरते पत्रेही येत नाहीत, तरी पंचनामा सोडू नये.

भिजलेला कडबा आजच पसरून उन्हात टाकला पाहिजे. गंजीत तसाच राहिला तर आतून तापतो, बुरशी धरतो आणि मग जनावरांपुढे टाकायच्या लायकीचा राहत नाही. झडलेल्या केशर आंब्यांतले फुटलेले आणि मार लागलेले आढीत घालू नयेत, एकाने शेजारचे दहा नासतात. ते आजच चिरून आमसोलासारखे वाळवायचे, नाहीतर लोणच्याला.

मृग लागायला बारा दिवस आहेत. उद्या बाजारातून वायसर आणायचे.