झाड धरलेला हात

औशाजवळ आमची पाच एकर काळी जमीन आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं लागली. भाऊ हैदराबादला, मी पुण्यात. रान कसतात ते काका. नात्यानं कोणी नाहीत, गावातलेच. त्यांच्या स्वतःच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. गेली नऊ वर्षं निम्म्या बटईनं, म्हणजे पीक निम्मं-निम्मं वाटून, आमचं शेत तेच करतात. बी-खत निम्मं-निम्मं, कष्ट सगळे त्यांचे. पाडव्याला आमच्या ओसरीवर बोली होते, तीही तोंडी.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसानं पाठ फिरवली. सोयाबीन फुलात होतं. काकांनी शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी घेतलं आणि रात्री लाइट येईल तेव्हा उठून तुषारचे पाइप बदलले. पोळ्याला मी गेले तेव्हा ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातलं पीक सरकारी ॲपवर फोटोसह नोंदवणं, राहिली होती. शेतात उभं राहून ॲपमध्ये गट नंबर टाकला. फोटो घेताना वाऱ्यानं झाड हलायला लागलं, म्हणून काका खाली बसले आणि त्यांनी ते बुडाशी धरलं. शेंगांची लव बोटांना चिकटलेली, नखांत माती. तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे.

त्या वर्षी २१ क्विंटल झालं. हमीभाव ४,६०० रुपये होता, आडतीवर तेवढाही मिळाला नाही. पुढं सरकारनं २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसाला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले. जमीन सामायिक नावावर असल्यानं भावाची आणि माझी ना हरकत लागली. काकांची संमती कुठल्याच कागदावर लागली नाही. आईच्या खात्यात १०,००० जमा झाले.

भाव पडला म्हणून हे पैसे आले. मग काकांच्या वाट्याचं साडेदहा क्विंटल काय चढ्या भावानं गेलं होतं? तोटा निम्मा त्यांचा, भरपाई सगळी आमची. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० हेही आईलाच येतात, कारण तिथंही जमिनीवरचं नाव बघतात. आईला त्या पैशांचा आधार आहे, ते मी नाकारत नाही. पण शेतकरी म्हणून सरकारदरबारी आमची तिघांची नोंद आहे, आणि जो माणूस रात्री पाण्यात उभा असतो त्याची कुठंच नाही.

आईनं पाच हजार काढून काकांच्या हातात ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावले. "वहिनी, उपकार झाले," म्हणाले. तो शब्द मला फार लागला. त्यांच्याच घामाचे पैसे, आणि ते आईच्या चांगुलपणावर अवलंबून!

लेखी करार करू म्हटलं की चुलते म्हणतात, "कूळ लागंल." म्हणजे कसणारा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल. मराठवाड्याचा कूळकायदा १९५० चा. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून तो आला, आणि आज त्याच्याच धास्तीनं कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ दिलं जात नाही. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये यावर वेगळा कायदा केला: पीक कसणाऱ्याला तशी नोंद दाखवणारं ११ महिन्यांचं कार्ड, मालकीला धक्का नाही. तिथंही मालकाची सही लागते, त्यामुळे अडतं बरंच. तरी आपल्याकडं तेवढं तरी हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडं नोंदणीकृत भाडेकरार असेल तर निदान पीक विमा कसणाऱ्याच्या नावानं उतरवता येतो. म्हणून या पाडव्याला तो करायचा, असं भावानं आणि मी ठरवलंय. चुलते रुसलेत. काकांना फोनवर सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, आधारच्या झेरॉक्स किती काढून ठेवू?"