खालची गुलाबी प्रत

बुद्धिबळाच्या पंचाला डाव चालू असताना तसा फारसा त्रास नसतो. भांडणं होतात ती डाव संपल्यावरच्या दोन मिनिटांत.

शेवटची फेरी चालू होती. प्रत्येक खेळाडूला ९० मिनिटं आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंदांची भर. चौथ्या पटावर एकाचं घड्याळ दोन मिनिटांवर आलं होतं, म्हणून मी तिथंच खिळून होतो. माझ्या टेबलाशी परत आलो तर सातव्या पटावरचे काका उभे. खेळ्या आणि निकाल लिहायचा कागद, म्हणजे स्कोअरशीट, पुढं सरकवत म्हणाले, "बरोबरी." त्यांच्या मागोमाग अकरा-बारा वर्षांची त्यांची प्रतिस्पर्धी आली. पांढरे मोहरे तिचे होते आणि तिच्या शीटवर लिहिलं होतं १-०, म्हणजे पांढऱ्याचा विजय.

दोघांना हॉलच्या बाहेर नेलं.

"मी हात पुढं केला तो बरोबरीसाठी. तिनं तो मिळवला. संपलं," काका म्हणाले.

"काका काहीच बोलले नाहीत, सर. मला वाटलं, त्यांनी डाव सोडला."

हे दुखणं जुनं आहे. नियमाप्रमाणे डाव सोडणाऱ्यानं तसं जाहीर करायचं असतं. पण हरताना "सोडला" हा एक शब्द भल्याभल्यांच्या घशात अडकतो आणि नुसता हात पुढं येतो. त्या हाताचे अर्थ दोन. खेळायचो तेव्हा मीही हेच करायचो. समोरच्याकडे न बघता हात द्यायचा, सही ठोकायची आणि बाहेर. वर त्याला खिलाडूवृत्ती समजायचो!

मोहरे तोवर मुलीनं पुन्हा मांडून ठेवले होते, त्यामुळे शीटवरून अठ्ठावन्न खेळ्या दुसऱ्या पटावर लावून बघितल्या. दोघांकडे एकेक हत्ती, मुलीची दोन प्यादी जास्त, त्यातलं एक सातव्या पट्टीवर. अशा स्थितीत बरोबरी कोण घेईल? पण या प्रश्नावर निकाल देता येत नाही. दमलेली माणसं जिंकलेल्या डावातही बरोबरी घेतात, मी पाहिलंय. काकांनी एक्केचाळिसाव्या खेळीला बरोबरी विचारली होती, हे मुलीलाही मान्य होतं. मात्र तिनं त्यावर पुढची खेळी केली, तिथंच तो प्रस्ताव संपला. तोच धागा धरून काका बोलत राहिले.

मुलगी मधे एकदाच बोलली. "सर, इथून पुढं खेळायचं का? माझी तयारी आहे." जिंकल्यावर मुठी आवळून ओरडणारी मुलं मी रोज बघतो, काहींच्या मागे त्यांचे पालकही ओरडतात. तिच्या सुरात ना रडं होतं ना तोरा.

मी काकांचं शीट पुन्हा उचललं. निकालाच्या जागी अर्धा-अर्धा होता, पण एकाच्या अंगाला रेघ आणि दोन चिकटवून अर्धा केलेला. उजवीकडे शून्यावर इतकं गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता. शीटच्या दोन प्रती असतात. वरची पंचाला द्यायची, खालची गुलाबी खेळाडूकडे राहते, वर लिहिलेलं खाली आपोआप उमटतं.

"तुमची प्रत दाखवता?"

त्यांनी खिशातून घडी काढून दिली. गुलाबी कागदावर स्वच्छ १-० होतं. म्हणजे दोन्ही प्रती जोडलेल्या असताना त्यांनी हार लिहिली होती आणि वरची प्रत फाडल्यावर ती बदलली. मधे काय घडलं तेही मग आठवलं. दाराशी त्यांचे दोन मित्र उभे होते आणि "काय हो, पोरीनं धुतलं की काय?" असं कुणीतरी म्हणालेलं चौथ्या पटापर्यंत ऐकू आलं होतं. माझं लक्ष घड्याळावर होतं. त्या दोघांना तेव्हाच गप्प करायला हवं होतं. ती चूक माझी.

जून २०२५ मध्ये नॉर्वेत गुकेशकडून हरल्यावर माजी जगज्जेत्या कार्लसननं टेबलावर मूठ आपटली, मोहरे उडाले. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मला ती मूठ तितकी खटकली नाही. राग होता तो दिसला, माणसानं लगेच माफी मागितली, निकालावर दोघांचंही दुमत नव्हतं. १९७२ साली रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत सहावा डाव हरल्यावर स्पास्कीनं फिशरसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, तेवढं तर कुणाकडून मागूच नये. इथं मात्र आधी लिहिलेली हार खोडली गेली होती.

मुलीला मी आत पाठवलं आणि गुलाबी प्रत काकांसमोर धरली. बोललो काहीच नाही. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

"१-० करा," शेवटी म्हणाले. "तिला सांगा, चांगली खेळली."

"ते तुम्हीच सांगा. आणि दोन्ही शीटवर दोघांच्या सह्या लागतील."

गुलाबी प्रत मी त्यांना परत दिली. प्रकरण वर न्यायचं की नाही यावर सहपंचाशी माझं नंतर वाजलं. त्याच्या मते मी मऊ वागलो. असेन.

दहा मिनिटांनी फेरी मारताना पाहिलं, काका सातव्या पटावर परत बसले होते. चांगली खेळलीस म्हणाले की नाही, देव जाणे. "चौतिसाव्याला मी घोडा मारला असता तर?" असं हळू आवाजात विचारत होते. मुलीनं उत्तर न देता उंट उचलून तिरका सरकवला. काकांनी कपाळाला हात लावला.

शेजारच्या पटावरचा खेळाडू वैतागून माझ्याकडे बघत होता. मला दोघांनाही बाहेर काढावं लागलं. चालू फेरीत हॉलमध्ये डावाची चिरफाड चालत नाही.