न वाजलेला फोन

मोबाइलच्या गोपनीयतेचा विषय निघाला की चर्चा बहुधा एन्क्रिप्शनपाशी येऊन थांबते. मजकूर कुणाला वाचता आला नाही म्हणजे आपण निर्धास्त, असा समज त्यामागे असतो. परंतु मजकुराला हातही न लावता, संदेश कधी निघाला, केवढा होता आणि कोणाकडे गेला एवढ्यावरूनच माणूस हुडकून काढता येतो. यालाच ट्रॅफिक अॅनालिसिस म्हणतात. बिनतारी जाळ्यात ते सोपे होते, कारण तिथे कुठली तार शोधून जोडावी लागत नाही. लहरी पकडण्यासाठी जवळपास असणे पुरते.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली जीएसएम या टू-जी मोबाइल जाळ्यावर दाखवले. खिशात नुसता पडून असलेला फोन नेमका कोणत्या टॉवरखाली आहे हे जाळ्याला ठाऊक नसते. अनेक टॉवर मिळून झालेला त्याचा विभाग तेवढा ठाऊक असतो. म्हणून कॉल आला की त्या विभागात पुकारा केला जातो, ज्याला पेजिंग म्हणतात. हा पुकारा उघड असतो. त्यात आपला नंबर नसतो, टीएमएसआय हा तात्पुरता क्रमांक असतो, आणि ओळख झाकण्याची सारी भिस्त त्याच्यावरच असते.

संशोधकांनी एका नंबरवर कॉल लावला आणि घंटी वाजण्याआधीच तो तोडला. पुकारा मात्र तोवर होऊन गेलेला असे. दर वेळी त्या काही क्षणांत ऐकू आलेले क्रमांक टिपून ठेवायचे आणि प्रत्येक यादीत पुन्हा पुन्हा आढळणारा निवडायचा, की झाले: नंबर आणि टीएमएसआय यांची जोडी जुळली. साधने म्हणाल तर एक साधा जुना फोन, त्यात बदललेले सॉफ्टवेअर आणि एक लॅपटॉप. माणूस त्या परिसरात आहे की नाही हे त्याला पत्ता न लागता कळते. यात कोणतेही कुलूप फोडलेले नाही, ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

फोर-जी आल्यावर कॉलचीही गरज उरली नाही. अनोळखी माणसाचा फेसबुक संदेश त्या काळी वेगळ्या फोल्डरमध्ये गुपचूप जाऊन पडे, व्हॉट्सअॅपवर समोरचा टाइप करीत असल्याची सूचना येई. दोन्हींमुळे पुकारा होत असे आणि वापरणाऱ्याला काहीच जाणवत नसे. शिवाय फोर-जीत पुकाऱ्याची वेळ सिमच्या कायमच्या क्रमांकावरून, म्हणजे आयएमएसआयवरून ठरते. त्यामुळे तात्पुरता क्रमांक कितीही बदलला तरी वेळापत्रक तेच राहते आणि त्यावरून फोन हुडकता येतो, हे २०१९ साली दाखवून देण्यात आले.

फाइव्ह-जीच्या मानकात ही वेळ तात्पुरत्या क्रमांकाशी बांधली आहे आणि पुकाऱ्याला उत्तर दिल्यानंतर तो क्रमांक बदलणे बंधनकारक केले आहे. ही सुधारणा खरी आहे. मात्र फोन फोर-जीवर उतरला की तिचा उपयोग उरत नाही. प्रत्यक्ष डेटाच्या चढउतारांचे काय, हा प्रश्न वेगळाच. डेटाची खोटी पाकिटे (पॅकेट्स) मिसळून ते चढउतार झाकता येतात, पण त्यासाठी बॅटरी आणि स्पेक्ट्रम, म्हणजे जाळ्याला मिळालेल्या मर्यादित रेडिओलहरी, दोन्ही खर्ची पडतात, आणि तो खर्च आपणहून उचलण्याचे कोणत्याही कंपनीला कारण दिसत नाही.