तेरा सप्टेंबर

१७ सप्टेंबर, रात्री पावणेअकरा. लाईट आत्ताच आली.

आज बोललो. माईकवर, उभं राहून, चारेक मिनिटं. लिहून ठेवतोय कारण उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

मागचं सांगितल्याशिवाय ह्यात काय एवढं ते कळायचं नाही. सातवीत असताना मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं (१७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातनं सुटलो, तो दिवस) भाषण सरांनी मला दिलं होतं, पाठांतर चांगलं म्हणून. दीड पानाचं. म्हशीमागं फिरत फिरत पाठ केलेलं, ह्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थांचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे एका दमात म्हणायचो. झेंडावंदन झालं, नाव पुकारलं, गेलो. "तेरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस रोजी" इथपर्यंत गाडी बरोबर आली अन् पुढचं सगळं कोरं. परत म्हणलं, तेरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस रोजी. तिसऱ्यांदा म्हणलो तेव्हा मागनं कुणीतरी ओरडलं, "चौदा सप्टेंबर!" आणि अख्खं पटांगण फुटलं. सर पण हसले, ते जास्त लागलं. मी उतरलो ते थेट घरी, दप्तर शाळेतच.

कोण ओरडलं ते अजून माहीत नाही, तिघांवर संशय आहे.

तेव्हापासून गावात माझं नाव तेरा. लहान पोरं तेरा काका म्हणतात, नव्या सुनांना तर हे खरंच माझं नाव वाटतं. सेवा केंद्र टाकल्यापासून लोकांच्या मोबाईलमध्ये माझा नंबर "तेरा ईसेवा" म्हणून सेव्ह आहे, मीच कितीजणांना सेव्ह करून दिलाय.

हसण्यावारी नेतो मी पण. खरं असंय की त्या दिवसानंतर जिथं जिथं चारचौघांत आपलं माप निघणार तिथनं मी आधीच कलटी मारायला शिकलो. कॉलेजात तोंडी परीक्षेला आजारी. २०१९ च्या तलाठी भरतीचा फॉर्म भरला, फी भरली, हॉल तिकीट माझ्याच प्रिंटरवर काढलं, सोलापूरला गेलो आणि पेपर चालू असताना एसटी स्टँडवर बसून राहिलो. दोन वडापाव खाल्ले. घरी येऊन सांगितलं, पेपर लई अवघड होता. बायकोला आजपर्यंत हे माहीत नाही (ती हे वाचत नाही, म्हणून लिहितोय).

आणि धंदा काय माझा, तर दिवसभर दुसऱ्याचे फॉर्म भरायचे! पोलीस भरती, तलाठी, नर्सिंग, सगळे. पोरं फोटो अपलोड करताना घाबरतात तर मी म्हणतो, अरे भर की, काय होतंय.

ह्या वर्षी दहावीच्या रिझल्टला एक पोरगं आलं. सर्व्हर चालेना, बाहेर चपलांचा ढीग, सगळे एकाच वेळी नंबर सांगायलेत. त्याचा रिझल्ट उघडला, गणितात २४. स्क्रीन त्याच्याकडंच होती. बराच वेळ काही बोलला नाही, मग हळूच म्हणला, "भाऊ, प्रिंट नका काढू." मी त्याला सांगितलं, एका विषयानं काय बिघडत नाही, एटीकेटीवर अकरावीला ॲडमिशन मिळतं, पुरवणीचा फॉर्म भर. तिसऱ्या दिवशी आला, फी चिल्लर अन् दहाच्या नोटांत. फॉर्म भरताना विचारलं त्यानं, "भाऊ, तुमी कधी नापास झालताव का?"

नाही म्हणलं. खरंच होतं ते. पेपरला बसलोच नाही तर नापास कुठून होणार. पण त्याला वाटलं मी हुशार आहे, असं बघितलं त्यानं माझ्याकडं, आणि ते बघणं काही केल्या डोक्यातनं जाईना. तो गेल्यावर प्रिंटरचा कागद उगंच दोनदा काढून परत लावला.

तर ह्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मी. मोठं काही नाही, मीटिंगला दुसरं कोणी येत नाही आणि प्रोसिडिंग टाईप करायला मीच लागतो म्हणून केलंय. मुख्याध्यापकांनी सोमवारी सांगितलं, अध्यक्षांचे दोन शब्द आहेत. नेहमीप्रमाणे तोंडावर आलं होतं की सर, त्या दिवशी बाहेरगावी जायचंय. पोरगी शेजारी उभी होती, चौथीत आहे, तिचं पण भाषण होतं. "पप्पा कुठं जायलाव?" म्हणली. संपलं, अडकलो.

चार दिवस झोप नाही. बायको म्हणली, "बघून वाचा की ओ. कागद बघून वाचलं म्हणून कोन फाशी देनार हाय का?" बरोबरच होतं तिचं. लिहायला बसलो तर लक्षात आलं की सातवीत ते भाषण माझं नव्हतंच, सरांनी कुठल्यातरी पुस्तकातनं उतरवून दिलेलं. आमचं गाव नळदुर्ग-उमरगा रोडला. १३ सप्टेंबरला सोलापूरकडनं भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली ती पहिल्यांदा नळदुर्गलाच, बोरी नदीच्या पुलावरनं. म्हणजे पुस्तकातला इतिहास आमच्या दारावरनं गेलाय. आज्जी ह्या कारवाईला पोलीस ॲक्शन म्हणायची, सगळी म्हातारी माणसं तेच म्हणायची. ती नऊ-दहा वर्षांची होती, आईनं तिला पिकात लपवलं होतं, हातात भाकरीचा तुकडा देऊन, आणि रडायचं नाही म्हणून सांगितलेलं. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं, आले समजून बसली होती बिचारी. हे मला कोणी पाठ करायला दिलं नव्हतं, तरी तारीखवार माहीत होतं.

सकाळी झेंडावंदन झालं. पोरीचं भाषण आधी, एकदा अडखळली, सर्रकन "सॉरी" म्हणून पुढं गेली. एवढंच! मी बघत राहिलो. मग माझं नाव.

कागद हातात इतका थरथरायला लागला की माईकमधनं खरखर ऐकू यायला लागली, म्हणून खिशात घातला. देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, आपण तेरा महिने दोन दिवसांनी, असं सुरू केलं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करायचा, हे पण सांगितलं. आणि ती तारीख आली. येणारच होती. घसा कोरडा पडला, थांबलो. आता मागनं आवाज येणार म्हणून मी लोकांकडं बघितलं, तर सरपंच मोबाईलमध्ये, अंगणवाडीच्या ताई बिस्किटाचे पुडे मोजायलेत, एकजण पोराच्या बुटाची लेस बांधत खाली वाकलेला. माझ्या तिन्ही संशयितांपैकी एकच हजर, आणि तो सावलीत खुर्ची सरकवत होता. पंचवीस वर्षं मी ज्या पटांगणाला भीत होतो ते हेच का, असं वाटून जरा रागच आला, खरं सांगतो. कोणीतरी बघायला तरी पाहिजे होतं!

मग आज्जीचं सांगितलं. भाकरीचा तुकडा म्हणल्यावर म्हाताऱ्या बायकांनी माना वर केल्या. शेवट नीट झाला नाही, आवाज चिरकला, जय हिंद म्हणायचं विसरून खाली आलो, मग परत वर जाऊन म्हणलं.

घरी येताना गाडीवर पोरगी मागनं म्हणली, "पप्पा, तुमी एकोणीसशे चौऱ्याऐंशी म्हणलाव." मी म्हणलं काय? "अठ्ठेचाळीस न्हाई, चौऱ्याऐंशी. दोनदा."

दोनदा!

संध्याकाळी केंद्र बंद करून समोरच्या हॉटेलात गेलो. हॉटेलवाला म्हणजे तोच खुर्चीवाला, संशयित नंबर एक. त्यानं माझ्याकडं बघितलं, गाळणी आपटली आणि सगळ्यांदेखत म्हणला, "या चौऱ्याऐंशी, हाफ का फुल?"

म्हणजे ऐकत होता तर.

फुल सांगितला. सकाळी सातपासून अनुदानाच्या केवायसीला लाईन लागणारय, झोपायला पाहिजे आता.