"हे दाबू का?" विचारणाऱ्या काकू

समजा, लोकलच्या पासाचं अ‍ॅप साध्या माणसांना वापरता येतं का, हे बघायची चाचणी तुम्ही वाशीत घेताय आणि समोर ते वापरून बघायला कोपरखैरण्याच्या काकू बसल्यात. पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाका: "परीक्षा अ‍ॅपची आहे, तुमची नाही. मी हे बनवलेलं नाही, नावं ठेवलीत तरी चालेल." हे गाळलं की आपली माणसं भिडेखातर "छान आहे हो" म्हणत राहतात. रेकॉर्डिंगची परवानगीही तेव्हाच घ्या.

काम सांगताना पडद्यावरचा शब्द तोंडी नको. बटणावर "नूतनीकरण" आहे आणि तुम्हीही तेच म्हणालात, तर काकू फक्त तो शब्द शोधतील. "तुमचा वाशी ते ठाणे पास उद्या संपतोय, काय कराल?" एवढं पुरे.

खरी गंमत पुढे. "हे दाबू का?" असं विचारलं की "हो" जिभेवर येतंच. ते गिळा. "मी इथे नसते तर काय केलं असतंत?" असं विचारा, किंवा त्यांचेच शब्द परत करा, "दाबू का...?", आणि थांबा. मनात १० पर्यंत मोजा. शांतता आपल्यालाच बोचते. काकू बहुधा वाचत असतात. "बरोबर", "शाब्बास" हेही टाळा, कारण पुढच्या वेळी ते ऐकू आलं नाही की त्यांना आपलं चुकलंसं वाटतं. नुसता "हं" चालतो, पण जमलं तरी तोच आणि फसलं तरी तोच.

फारच अडकल्या तर मदत करा, पण नोंदीत "मदतीने पूर्ण" लिहा. आणि कामाला लागणारा वेळ मोजत असाल, तर मोठ्याने विचार करायला, म्हणजे मनात येईल ते बोलत काम करायला, सांगू नका. बोलण्याने वेळ बदलतो.