आमची वाटचाल: बिलिंगपासून केसपेपरपर्यंत

लातूरात सुरुवात केली तेव्हा आम्ही फक्त मेडिकल अन् छोट्या दवाखान्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर करायचो. बिल चुकलं तर फार तर शे-दोनशेचा घोळ, फोन यायचा, दुरुस्त करून द्यायचो, विषय संपला. कोरोनानंतर डॉक्टर लोक म्हणायला लागले की केसपेपरच कॉम्प्युटरवर घ्या ना, अन् तिथून सगळं टेन्शन वाढलं, कारण आता घोळ झाला की तो थेट पेशंटच्या अंगावर.

नावाचंच घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं तपासण्या सासरी उदगीरला अन् डिलिव्हरी माहेरी लातूरला. एकीकडं माहेरचं आडनाव, दुसरीकडं सासरचं, वय अंदाजे, मोबाईल कधी नवऱ्याचा कधी भावाचा. काउंटरवरची पोरगी गर्दीत "सुनीता पवार" टाकणार अन् वर जी पहिली सुनीता दिसेल ती उघडणार, आता त्या सुनीताला पेनिसिलिनची ॲलर्जी नसली अन् समोरच्या बाईला असली तर? म्हणून आमच्याकडं नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, गाव अन् मोबाईल जुळल्याशिवाय फाईल उघडतच नाही. १४ आकडी आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) असला की सोपं जातं, पण तो सोबत घेऊन येतंय कोण.

दुसरं, लेकरांचं औषध. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं येतं अन् २५० चं पण येतं. १० किलोच्या लेकराला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर एकातून ६ मिली, दुसऱ्यातून ३. डॉक्टरनं नुसतं "६ मिली" लिहिलं अन् मेडिकलवाल्यानं २५० ची बाटली दिली की डोस डबल. कागदावर पण हे होतंच, पण कॉम्प्युटरच्या यादीत वरचं नाव चुकून क्लिक होतं अन् प्रिंट स्वच्छ निघते म्हणून कुणी शंकाच घेत नाही. आम्ही वजन टाकल्याशिवाय लेकराची चिठ्ठी निघू देत नाही, यावरून शिव्या पण खाल्ल्यात. आधी तर प्रत्येक औषधाला वॉर्निंग यायची, डॉक्टर न वाचताच ओके दाबायचे, मग ॲलर्जी अन् रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसोबत ॲस्पिरिन (रक्तस्रावाची भीती) असलं धोक्याचं तेवढंच ठेवलं.

पण खरी भांडणं झाली ती एडिटच्या बटणावरून. एका हॉस्पिटलला ग्राहक आयोगाची नोटीस आली (सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता केसपासून पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतोच), तर तिथून फोन, "भाऊ, मागच्या तारखेला बीपीची एक नोंद टाकून द्या, काय होतंय त्याला." म्हणलं सर, होतंय. आमच्याकडं नोंद खोडता येत नाही, नवी टाकली तर आजची तारीख, टाइम अन् कुणी टाकली ते पडतं. कोर्टात कॉम्प्युटरची नोंद द्यायची तर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू असते (फाईलचा आकडी ठसा, फाईल जराही बदलली की तो बदलतो), मागून हात लावलेला उघडा पडायला वेळ लागत नाही, अन् मग जे खरंच बरोबर केलं होतं त्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. ते कस्टमर गेले. जाऊ द्या.

बॅकअपचं कुणी ऐकायला तयार नव्हतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हॅक झाले अन् कित्येक दिवस तिथं हातानं कागदावर काम चाललं, त्यानंतर मात्र फोन आपोआप यायला लागले. २०२३ च्या डेटा कायद्यात डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो हे सांगितलं की डॉक्टर आधी हसतात, मग विचारतात पासवर्ड कसा बदलायचा. आमच्याकडं एकच लॉगिन सगळ्या स्टाफला चालत नाही, प्रत्येक सिस्टरला वेगळं.

ॲग्रीमेंटमध्ये बरेच जण लिहून टाकतात की सॉफ्टवेअरमुळं काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. आम्ही वकिलाला बसवून वेगळं लिहून घेतलं: हिशोब चुकीचा दाखवला तर आमच्यावर, औषध कुठलं द्यायचं ते डॉक्टरवर, अन् वॉर्निंग बंद करून घ्यायची असेल तर सहीनिशी लेखी द्यायचं. ती सही मागितली की निम्मे डॉक्टर म्हणतात, असू द्या मग चालू.